ज्याची चाल त्याला

त्र्यंबकबुवांचा तार षड्ज परत आला तो एका शुक्रवारी सकाळी, आंघोळीच्या वेळी.

वैजयंती स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. न्हाणीघरातून आधी नेहमीसारखं खाकरणं ऐकू आलं, मग तांब्याचा आवाज, मग स्तोत्र. आणि मग सूर वर चढायला लागला. चढला, चढला आणि माथ्यावर जाऊन उभा राहिला. थरथरला नाही की घरंगळला नाही. वैजयंतीच्या हातातली चाळणी ओट्यावर ठिबकत राहिली. वडिलांचा हा आवाज तिनं शाळेत असताना देवळाच्या खांबाला टेकून ऐकला होता. त्यांना कंपवात झाल्यापासून तो कुणीच ऐकला नव्हता.

"नाना! आत्ता कोण गात होतं?"

"कोण गाणार? मीच," आतून उत्तर आलं. "का? शेजारी तक्रार घेऊन आले का?"

पण बाहेर आले तेव्हा बुवांचे डोळे लाल होते, आणि ते काही साबणानं नव्हते. पंचा खांद्यावर टाकून ते देवघरापुढे बसले आणि त्यांनी समईची वात सारली. मग म्हणाले, "वैजू, मारुतिरायानं ऐकलं गं. यंदाचं जन्माचं कीर्तन माझ्याच तोंडून करून घ्यायचं त्याच्या मनात आहे."

मिरजेत कृष्णेच्या काठी मारुतीचं जे देऊळ आहे, तिथं हनुमानजयंतीला पहाटे कीर्तन उभं राहतं. त्यातली गोम ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. आख्यान अशा बेतानं पुढे न्यायचं की सूर्याची कोर दिसायला आणि मारुतीचा जन्म व्हायला गाठ पडली पाहिजे. कीर्तनकार घाईत असेल तर जन्म अंधारात होतो, रेंगाळला तर ऊन वर येऊन मंडळी घामाघूम होतात. ती गाठ त्र्यंबकबुवांच्या हातात होती. दुखणं आलं तेव्हा आधी हात गेले, झांज निसटायला लागली. मग आवाज घोगरा झाला, आणि देवळाचे पंच दुसऱ्या बुवांना बोलावू लागले. बुवा दरवर्षी श्रोत्यांत बसत आणि घरी येऊन म्हणत, "चांगलं केलं हो त्यांनी." त्यांना ते मनापासून वाटायचं. त्या दिवशी ते जेवत मात्र नसत.

यंदा पंच घरी येऊन आवाज ऐकून गेले आणि जाताना नारळ ठेवून गेले.

*

वैजयंती आरोह केंद्रात काम करत होती. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण आरोह फक्त कंपवाताच्या रुग्णांसाठी. तिथल्या देखरेखीच्या यंत्राची ती व्यवस्थापक होती. यंत्र नीट चालतंय ना, रुग्णांची रोपणं यंत्राशी नीट बोलतायत ना, हे बघायचं तिचं काम.

रोपण म्हणजे काय, तर मेंदूत खोलवर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी, केसासारखी एक तार. तिचं दुसरं टोक छातीच्या कातडीखाली ठेवलेल्या चपट्या डबीत. डबी त्या तारेतून सारखे विजेचे बारीक ठोके देत राहते, आणि मेंदूतला जो भाग बेताल झालाय त्याला ताल देते. पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा, तारही केसभर इकडे नाहीतर तिकडे. म्हणून कुणाला किती ठोके, किती जोरानं, केव्हा, हे प्रत्येकाचं वेगळं ठरवावं लागतं. त्या आज्ञांच्या जुळणीला डॉक्टर भलंमोठं नाव वापरत. रुग्ण सरळ 'चाल' म्हणत. बुवांची चाल, पाटील मास्तरांची चाल, हमीदाबीची चाल.

ही चाल शिकायची. तंबोरे बनवणाऱ्या हमीदाबी जवारी लावत, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेखालच्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवून तारेच्या आवाजाला झणत्कार आणत, तेव्हा त्यांच्या बोटांना नेमकं काय लागतं हे चालीला दिवसेंदिवस कळत जायचं. रोज पहाटे केंद्रातलं यंत्र सगळ्यांच्या रोपणांकडून शिकलेलं गोळा करी, नीट बसवी आणि ज्याचं त्याला परत पाठवी. नवं बसलं की आठवड्याभरात जुनं पुसलं जाई. आणि एक चाल एका वेळी एकाच मेंदूत. दोन मेंदूंनी एकाच चालीला शिकवलं तर तिचा पार काला होतो, म्हणून रोपणांनाच तशी बंदी घातलेली होती.

सतारमेकर गल्लीतल्या हमीदाबी बुवांच्याच वयाच्या. बुवांचा तंबोरा त्यांच्या सासऱ्यांनी केलेला. केंद्रात दर गुरुवारी सगळे रुग्ण दिवाणखान्यात जमत, आणि तपासण्या झाल्या की बुवा बसल्या बसल्या, घोगऱ्या आवाजात का होईना, कीर्तन करत. तालावर पाय सुटतात, मान मोकळी होते, असं डॉक्टरही म्हणायच्या. मग एका बुधवारी हमीदाबी बुवांना म्हणाल्या होत्या, "तुमचा तो मोबाईलमधला तंबोरा ऐकून माझं डोकं उठतंय. उद्यापास्नं मी बसते मागं तंबोरा घिऊन."

तशा त्या बसू लागल्या. आणि काही दिवसांतच त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली.

*

"बघ की गं वैजू," त्या हात पुढे करून म्हणाल्या. जयंतीच्या आधीचा गुरुवार होता. "छेडायला येतंय, पण कानस धरली की आंगठा आडवा पडतोय. काल चांगली घोडी खरवडून ठिवली. सून म्हणती, आम्मा आता बसा गप. गप बसायला मी काय गाठोडं हाय?"

"डॉक्टर बघतील चाची. बसा."

डॉक्टर पारसनीस बाई चपळ होत्या. त्यांचं बोलणंही चालण्यासारखं, पुढे गेलेलं. पडद्यावर हमीदाबींचं नाव उघडून त्या म्हणाल्या, "दुखणं पुढं सरकतंय हमीदाबी. मी ठोक्यांचा जोर थोडा वाढवून बघते. नाहीच भागलं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूनं एक तार घालावी लागेल."

"परत डोकं फोडायचं?"

"छोटंसं भोक हो. आता सांगा, जोर वाढवलाय. बोटांना काही वाटतंय?"

"काय नाही."

"आणखी थोडा. आता?"

"काय बी नाही."

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बुवा शिवगोंडाशी बोलत उभे होते. शिवगोंडा केंद्रातला मदतनीस, आणि गुरुवारी पेटी वाजवायचा. बोलता बोलता बुवांचा आवाज एकदम चढला, उजवा हात ताडकन वर गेला आणि "जय जय" असा पुकार त्यांच्या तोंडून सुटला. सगळा दिवाणखाना दचकला.

"बुवा, अजून पेटी काढली नाही मी," शिवगोंडा म्हणाला, आणि सगळे हसले.

डॉक्टरांनी जोर कमी केला. बुवांचा हात खाली आला.

वैजयंती हसली नाही. ती डॉक्टरांच्या पडद्याकडे बघत होती, मग वडिलांकडे, मग परत पडद्याकडे. "मॅडम, तेच परत एकदा करता?" असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

कीर्तन झालं. बुवांनी त्या दिवशी असं काही आळवलं की पाटील मास्तर, ज्यांचे पाय उंबऱ्यापाशी अडकत, ते आरतीला आपण होऊन उठून उभे राहिले. बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मागे हमीदाबी आखडलेल्या बोटानं तंबोरा छेडत होत्या.

सगळे गेल्यावर वैजयंती यंत्रापुढे बसली.

*

यंत्राला एखादं उपकरण सापडलं की त्याच्या पोटातला ड्रायव्हर जागा होतो. ड्रायव्हर म्हणजे उपकरणाची भाषा जाणणारी छोटी आज्ञावली, एक दुभाषी म्हणा. तो त्या उपकरणासाठी यंत्रात एक दार उघडतो. तंत्रज्ञ त्याला नोड म्हणतात. दारावर नंबर टाकतो: पहिलं सापडलं त्याला शून्य, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. वरच्या देखरेखीच्या प्रोग्रामला माणूस दिसत नाही, मेंदू दिसत नाही. त्याला फक्त दारं दिसतात. 'शून्य नंबरच्या दारात बुवांची चाल दे, एक नंबरच्या दारात हमीदाबीची' एवढंच तो जाणतो. प्रसादाच्या पंगतीत वाढपी पानं बघून वाढतो तसं. पानावर कोण बसलंय ते त्याच्या लक्षात कशाला राहील?

आणि यंत्र बंद करून चालू केलं की दारं पुसली जातात, ड्रायव्हर नव्यानं हाका मारतो. जो आधी ओ देईल त्याला शून्य.

प्रत्येक रोपणाला कारखान्यातून आलेला स्वतःचा जन्मक्रमांक असतो. तो कधी बदलत नाही. वैजयंतीनं शून्य दारावर जाऊन विचारलं, तुझा जन्मक्रमांक काय? उत्तर आलं ते हमीदाबीच्या रोपणाचं. एक नंबरच्या दारात नाना होते.

तिनं परत विचारलं. उत्तर तेच.

पण यंत्र तर ती कधीच बंद करत नव्हती. शिवगोंडा दिवाणखान्यात सतरंज्या गुंडाळत होता. तिनं त्याला विचारलं, "शिवगोंडा, हे यंत्र कुणी बंद करतं का रे?"

"मी करतो की," तो सहज म्हणाला. "दर गुरुवारी. कीर्तनाआधी बंद, आरती झाली की चालू. तुम्ही त्या टायमाला मंडळींना बसवण्यात असता, ध्यानात येत नाही."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? त्याचा पंखा घुमतो न्हवं का! बुवांची पट्टी काळी दोन, आणि हे काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधीच कुठंतरी रेकतंय. पेटी लावू कुठं मी? बुवाच म्हणाले, बाबा, तेवढा वेळ त्याला मौन दे."

वैजयंतीनं डोळे मिटले. तिला सगळं लख्ख दिसलं. गुरुवारी कुणी आपली जागा सोडत नाही. पाटील मास्तरांची खिडकीपाशी, हमीदाबींची बायकांत पहिली, बुवा पुढे, यंत्राच्या अगदी शेजारी. आरतीनंतर यंत्र चालू झालं की सगळ्यात जवळचे बुवा आधी ओ देत, मग हमीदाबी, मग बाकीचे. म्हणून इतकी वर्षं नंबर तेच राहिले होते. ते कुणी ठरवलेलं नव्हतं, लोकांच्या बसण्याच्या सवयीवर ते टिकून होतं. आणि ज्या गुरुवारी हमीदाबी तंबोरा घेऊन बुवांच्या मागे, यंत्राला खेटून बसल्या, त्या दिवशी आधी ओ त्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी न्हाणीघरात तार षड्ज लावला होता.

*

घरी बुवा आख्यानाची तयारी करत होते. झोप त्यांना आता फारशी लागत नव्हती, आणि त्याचा त्रासही वाटत नव्हता. चेहऱ्यावर एक उजेड असायचा. वैजयंती त्यांच्यासमोर पाटावर बसली आणि तिनं सांगितलं. दारं, नंबर, चाल, सगळं. बुवांना यंत्राचं फार कळत नसे, पण गोष्ट कळायची.

"म्हणजे हमीदाबीची चाल माझ्या डोक्यात आहे."

"हो."

"आणि माझी तिच्या."

"हो. आणि नाना, चाल रोज शिकते. तुम्ही रोज गाताय. तिच्या चालीत तिच्या बोटांचं जे साठलेलं आहे, ते रोज थोडं पुसलं जातंय आणि तिथं तुमचा गळा बसतोय. जुनं काही उरलेलं नाही. जेवढं आता चालीत आहे तेवढंच."

बुवांनी आख्यानाची वही मिटली. मग म्हणाले, "आणि हे जे मला होतं... नाव घेतलं की आतून उचंबळून येतं, कुणाला कवेत घेऊ असं होतं. तेही विजेचं?"

वैजयंतीनं हे आधीच ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही. "तुमची तार केसभर वेगळ्या जागी आहे. तिची चाल तिथं असं करू शकते. डॉक्टरांच्या पुस्तकात आहे ते."

"वीज कुणाची?" बुवांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत ते तिच्यावर ओरडले नव्हते. "सांग ना, वीज कुणाची? ज्यानं मेघात घातली त्यानंच माझ्या डोक्यात पाठवली असेल तर तू कोण मधे येणार? त्याला द्यायचं असेल तर तो कुठल्या दारातून देईल हे तुझ्या यंत्रानं ठरवायचं?"

"वीज कुणाची ते मला माहीत नाही नाना. चाल हमीदाचाचीची आहे."

"चार दिवस! मंगळवारी जयंती आहे. मंगळवारी दुपारी मीच येतो तुझ्या केंद्रात, काढून घे म्हणतो."

"आणि तोवर?"

बुवांनी तोंड फिरवलं. वैजयंती उठली. वडिलांना ती ज्या आवाजात लहानपणापासून ओळखत होती तो आवाज स्वतःच्या हातानं काढून घ्यायचा होता, आणि तो तिला हवा होता, त्यांच्याहून जास्त हवा होता. म्हणूनच उशीर करायचा नव्हता.

"उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांचं जे आहे ते आधी त्यांना सांगायला हवं. मग डॉक्टरांना."

"मीही येतो," बुवा भिंतीकडे बघत म्हणाले. "माझ्यामागे माझं कुणी काय सांगितलेलं मला चालत नाही."

*

सतारमेकर गल्लीत सकाळी भोपळे उन्हात टाकलेले असतात, सुकायला. बुवांना बघून हमीदाबींच्या सुनेनं खुर्ची पुसली. हमीदाबी खाली चटईवर बसल्या होत्या, पुढ्यात नवा तंबोरा आडवा.

वैजयंतीनं सांगितलं. हमीदाबींनी मधे एकदाही अडवलं नाही. मग त्या बुवांकडे वळल्या.

"म्हणजे बुवा, गेलं पंधरवडाभर माझ्या बोटावर तुम्ही ताना मारताय?"

बुवा खुर्चीच्या कडेवर सरकले.

"आन् मी हिकडं तुमचा घोगरेपणा घिऊन बसलीय हाताला! आवं, माझ्या सुनंनं मला अडगळीत टाकून दिलं असतं की चार दिवसांनी!"

"आम्मा!" सून आतून ओरडली.

"गप गं. खरं तेच बोलतेय." मग त्यांचा राग जसा आला तसा ओसरला. त्यांनी बुवांकडे नीट बघितलं. "मंगळवारी जयंती न्हवं? पंच येऊन गेलं म्हणं तुमच्याकडं."

"हो."

"मग मंगळवार होऊ द्या. चार दिवसानं काय आभाळ कोसळतंय? मी काय मारुतीचा जन्म अडवणार हाय व्हय?"

बुवांना जे हवं होतं ते जिचं होतं तीच देत होती. आता कुणाचाच आक्षेप उरला नव्हता.

बुवा तंबोऱ्याकडे बघत होते. "ही जवारी लावायची राहिली आहे का?"

"राहिलीय."

"लावून दाखवा."

"आता कशाला?"

"मला बघायचंय."

हमीदाबींनी कानस उचलली. घोडीवर टेकवली. अंगठा सरकला, त्यांनी डाव्या हातानं तो जागेवर आणला. परत सरकला. कानस पुढे ढकलली तशी ती वेडीवाकडी गेली आणि हाडावर पांढरा ओरखडा उठला. त्यांनी तार छेडली. आवाज आला तो लाकडाचा, बद्द, झाकण लावलेल्या भांड्यासारखा. त्या हसण्याचा प्रयत्न करत म्हणाल्या, "आज जरा जास्तच."

बुवा खुर्चीवरून उतरले आणि चटईवर बसले. त्यांनी तो ओरखडा बोटानं चाचपला. हनुमंताच्या नावानं गेला पंधरवडा ते रडत होते, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर परत आलं, पण यावेळी डोळे कोरडे होते.

"वैजू," ते म्हणाले, "किती वेळ लागतो?"

"कशाला?"

"ज्याची चाल त्याला द्यायला."

"नाना, तुमची चालही चाचींकडे राहून तुमचा गळा विसरलीय. आधी होता तेवढाही आवाज येणार नाही कदाचित. पहिल्यापासून शिकवावं लागेल."

"मी वेळ विचारला."

"आजची दुपार. पण आधी दारांची व्यवस्था लावायला हवी. नाहीतर पुढच्या गुरुवारी शिवगोंडा यंत्राला मौन देईल आणि पुन्हा तोच घोळ."

"मग ऊठ."

"बुवा, मंगळवार..." हमीदाबी म्हणाल्या.

"मंगळवारचं मी बघतो. देवापुढं उभं राहायचं आणि आवाज तुमच्या बोटांतून काढलेला, असं कीर्तन माझ्या बापानं मला शिकवलेलं नाही." मग ते थांबले आणि थोडं हसले. "आणि तुमच्या ताना मला झेपतही नव्हत्या. फार उंच."

*

डॉक्टर पारसनीस आधी तापल्या. "मी त्यांना दुसरी तार घालणार होते! काल का नाही सांगितलंस?"

"काल मी बुवांची मुलगी होते, व्यवस्थापक नव्हते," वैजयंती म्हणाली. "चूक झाली. आज सांगतेय."

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "दाखव."

यंत्र बनवणाऱ्या कंपनीला विचारलं तर तासाभरात उत्तर आलं: दाराचा नंबर कायम राहील असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही, पुस्तिकेत तसं स्पष्ट आहे. आणि खरंच होतं. वैजयंतीनं त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवला नाही. तिनं ड्रायव्हरसाठी एक नियम लिहिला. दार उघडलंस की लगेच नंबर टाकू नकोस. आधी आतल्याला त्याचा जन्मक्रमांक विचार. त्या जन्मक्रमांकाचं जे नाव असेल ते दारावर लाव. ओ आधी देवो की शेवटी, पुढे बसो की मागे, नाव तेच. आणि देखरेखीच्या प्रोग्रामला सांगितलं, यापुढे नंबर बघायचे नाहीत, नावानं हाक मारायची.

दुपारी सगळ्या रुग्णांना बोलावून घेतलं. प्रत्येकाच्या मनगटावर केंद्राचा पट्टा होता. वैजयंती यंत्रावरून एकेका नावानं हाक मारणार, आणि ज्याचा पट्टा गुणगुणेल त्यानं हात वर करायचा. चुकीचा हात वर गेला तर तिथंच थांबायचं.

"म्हणजे बारसंच की हे," पाटील मास्तर म्हणाले.

"मग आत्या कोण?" कुणीतरी विचारलं.

"मी," हमीदाबी म्हणाल्या. "एवढ्यांत थोरली मीच हाय."

आणि खरंच, यंत्रातून नाव निघालं, पट्टा गुणगुणला, की हमीदाबी त्या माणसाच्या कानाशी वाकून "कुर्रर्र" करत आणि नाव सांगत. पाटील मास्तरांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. वैजयंतीनं यंत्र बंद केलं, चालू केलं. परत हाका मारल्या. मग सगळ्यांना उठवून जागा बदलायला लावलं. इतक्या वर्षांच्या जागा सोडताना मंडळींची जी कुरकुर झाली ती विचारू नका. परत बंद, परत चालू. ड्रायव्हरनं दारं प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमानं उघडली. नावं एकदाही हलली नाहीत.

शेवटी चाल परत द्यायची राहिली ती दोघांचीच. वैजयंतीनं वडिलांकडे बघितलं.

"थांब," बुवा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि एकदा, फक्त एकदा, तार षड्ज लावला. दिवाणखान्यात कुणी हललं नाही. तो सूर त्यांनी हवा तेवढा धरला, मग आपण होऊन सोडला.

"हं. दे आता."

वैजयंतीनं कळ दाबली. काही क्षण काहीच झालं नाही. मग बुवांचा उजवा हात मांडीवर हळूहळू थरथरायला लागला. चेहऱ्यावरचा तो उजेड, गेला पंधरवडाभर तिला सवय झालेला, मावळला. एक थकलेला म्हातारा माणूस तिच्याकडे बघत होता.

"नाना?"

"आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इथंच आहे."

*

मंगळवारी पहाटे देऊळ भरलं होतं. पंचांना बुवांनी शनिवारीच सांगितलं होतं, आवाज गेलाय, दुसरे बुवा बघा. पंच म्हणाले होते, आता कुठं बघणार? तुम्हीच उभे राहा, जमेल तसं. त्यांच्या बोलण्यात फारसा उत्साह नव्हता.

तंबोरा घेऊन हमीदाबींची सून येऊन बसली. सासूबाईंनी पाठवलाय म्हणाली. तारा लावायला शिवगोंडानं तो मांडीवर घेतला आणि एकेक छेडली. पहिली तार बद्द. दुसरी बद्द. तिसरी बद्द. चौथी, खर्जाची, अशी झणकारली की पुढच्या ओळीतल्या बायकांनी माना वर केल्या.

"परवापास्नं बसल्या होत्या," सून हळूच म्हणाली. "एकाच तारेची झाली. म्हणाल्या, बुवांना सांग, बाकीच्या होतील तशा."

बुवांनी ते ऐकलं. गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला. त्यांनी नमन धरलं. आवाज फुटला, चिरकला, मधेच हवेत विरला. मागच्या बाजूला कुणीतरी चुळबुळलं. वैजयंती झांज घेऊन पाठीशी उभी होती. मदतीला आपण गावं का, असा विचार तिच्या मनात आला, आणि बुवांच्या खांद्यांकडे बघून तिनं तो सोडून दिला.

"मंडळी," बुवा म्हणाले, "वरचे सूर आज माझ्याकडे नाहीत. गेल्या आठवड्यात होते, पण ते दुसऱ्याच्या नावाचे होते, परत केले. आता खर्ज तेवढा माझा आहे. वरचं तुम्ही म्हणा. देव काही एकट्याचा नाही."

त्यांनी खालच्या सुरात ओळ टाकली. कुणी उचलली नाही. त्यांनी परत टाकली, तशीच, चिडल्याशिवाय. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या बाईनं उचलली. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्या देवळानं.

आख्यान त्यांनी गायलं नाही, सांगितलं. अंजनीच्या तपापासून सुरुवात केली, शब्द अडखळत होते, एकेका वाक्याला जिभेशी झगडावं लागत होतं. पण गोष्ट त्यांच्या हातातून सुटली नाही. डोळे सारखे पूर्वेच्या झरोक्याकडे जात होते. अंधार विरळ झाला तसे ते वेग कमी करू लागले. आकाश तांबूस झालं तसं थांबले, एक उपकथा मधे घातली, लोकांना हसवलं. मग परत धरलं. उचंबळून आलेलं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते नुसते काम करत होते, जसं हमीदाबींनी दोन दिवस एका तारेवर केलं असेल तसं.

झरोक्यातून पहिली कोर आत आली आणि बुवांच्या तोंडून जन्म झाला. गुलाल उडाला. पाळण्याची दोरी ओढताना त्यांचा हात इतका थरथरत होता की पाळणा आपोआप हलत होता.